आईच्या गटाची वही आधी टेबलावर ठेव

पत्र

ताई, सादर नमस्कार.

मी वरूड तालुक्यातल्या एका गावची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याच कॉलेजात बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, पण आहे. मागच्या वर्षी माझ्या मनात आलं, की संत्रा उत्पादकाला थेट गिऱ्हाईक मिळवून देणारं ॲप करावं. बीसीएच्या दोन पोरांना सांगितलं, तेही खूश झाले. तीन महिन्यांत लॉगिनचं पान झालं, लोगो झाला आणि मग हिश्श्यावरून वाजलं. मी म्हटलं, कल्पना माझी, निम्मा हिस्सा माझा. ते म्हणाले, "आमी रात्र रात्र कोड लिहून रायलो, तू काय करून रायली?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर एका स्पर्धेत त्यांनी माझं नाव टाकलं, कारण टीममध्ये एक मुलगी हवीच असा नियम होता. तिथे मला एक वाक्यही बोलू दिलं नाही.

आता आमच्या सरांनी दर शनिवारी दुपारी कॉम्प्युटर लॅब द्यायचं कबूल केलंय. कॉमर्सचे आठ आणि बीसीएचे सहा जण तयार आहेत. पण पुन्हा तसंच होईल अशी भीती वाटते. यांना एकत्र कसं आणू? मी कोडिंग शिकू का? हिस्सा कसा ठरवायचा? की हे सगळं पुण्या-नागपुरातच जमतं? (घरी विचारावं असं कोणी नाही. बाबा शेतात असतात. आई बचत गटाची सचिव आहे, पण तिला लिहायचं जमत नाही, दर महिन्याला गटाची वही मीच लिहिते.)

तुमची एक वाचक

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू कंसात टाकलीस. दर महिन्याला बचत गटाची वही तू लिहितेस, आणि तरी "तू काय करून रायली" या प्रश्नाला तुला उत्तर सापडलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. त्या दोन पोरांना जे येत नाही ते तुझ्या हातात होतं. तुलाही ते दिसलं नाही, त्यांनाही नाही, कारण तुम्ही तिघं एका कल्पनेभोवती बसला होता. कल्पनेत सगळंच बरोबर असतं. त्यामुळे कॉमर्सवाल्याला बोलण्यापलीकडे काम उरत नाही आणि कोडवाल्याला लॉगिनच्या पानापलीकडे काही सुचत नाही.

माझ्यापुरतं सांगते. २००६ साली मी हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, हिशेब लिहायची. मालकांनी नागपूरच्या एका इंजिनिअर पोराकडून बिलाचं सॉफ्टवेअर करून घेतलं. पोरगा हुशार होता, मेहनती होता. त्यानं मालकांना काम विचारलं, मालकांनी दोन वाक्यांत सांगितलं: गाडी येते, वजन होतं, भाव लागतो, बिल निघतं. त्यानं तसंच बनवलं. पहिल्या दिवशी पहिली गाडी काट्यावर चढली आणि स्क्रीननं निव्वळ वजन मागितलं. आता कापसाची गाडी काट्यावर दोनदा चढते, हे वरूडच्या मुलीला सांगायला नको. आधी भरलेली, मग गंजीवर खाली करून रिकामी. मधल्या वेळात वरच्या थराखाली ओला कापूस निघाला की खरेदीवाला भाव तोडतो, शेतकरी भांडतो, कधी थोडा परत चढवतात. दोन वजनांच्या मधल्या त्या तासाभरात भावच बदलतो, आणि सॉफ्टवेअरला तो तास माहीतच नव्हता. गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली. शेतकरी उन्हात उभे. तिसऱ्या दिवशी आम्ही वहीवर परत आलो, आणि ते पोरगं खाली मान घालून एसटीनं नागपूरला गेलं.

पंधरा दिवसांनी मीच त्याला फोन करून बोलावलं. म्हटलं, मालकांच्या केबिनमध्ये नको, माझ्या शेजारी स्टूल टाकून बस. चार दिवस बसला. गाडी आली की मी काय लिहिते, कुठली जागा कोरी सोडते, कुठे पेन्सिलनं लिहिते, ते बघत राहिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "ताई, तुम्ही भाव पेन्सिलनं का लिहिता?" मला तोवर कळलंही नव्हतं की मी भाव पेन्सिलनं लिहिते. त्या पेन्सिलीवरून त्यानं "कच्चा भाव" आणि "पक्का भाव" असे दोन रकाने केले आणि मग ते सॉफ्टवेअर चाललं. मी त्याला कोड सांगितला नाही, त्यानं मला हिशेब शिकवला नाही. आम्ही दोघं एकाच वहीत बघत होतो.

तुमचं संत्र्याचं ॲप का अडलं असावं ते तूच ताडून बघ. तुमच्याकडे बागेचा सौदा बागेतच होतो. व्यापारी झाडं फिरून बघतो, इसार देतो, तोडाई त्याच्या माणसांची, आणि मालात बारीक फळ किती निघालं यावर शेवटी पुन्हा ओढाताण. "एक किलो संत्री, कार्टमध्ये टाका" असं ॲप यात कुठल्या जागी बसतं? तुमच्यापैकी कोणी एका तरी बागायतदाराला त्याची मागच्या बहराची चिठ्ठी दाखवायला सांगितलं होतं का? सांगितलं असतंस, तर तुझं काम त्या पोरांना सांगावंच लागलं नसतं. म्हणून तो संत्रा आत्ता बाजूला ठेव. बहर वर्षातून एक-दोनदा येतो, चूक झाली तर सुधारायला पुढचा बहर उजाडतो. बचत गट दर महिन्याला बसतो.

येत्या शनिवारी आईची वही लॅबमध्ये ने. आधी आईला विचार, आईनं गटात विचारावं, बायांनी हो म्हटलं तरच. नावाच्या जागी नंबर टाकून दोन पानं हातानं उतरवून नेलीस तर अधिक बरं. लॅबमधले कॉम्प्युटर बंदच राहू देत. वही मध्ये ठेव आणि बीसीएच्या पोरांना म्हण, यातलं तुम्हाला काय कळत नाही ते विचारा.

बघ काय होतं. महिन्याची बचत १०० रुपये. एका बाईच्या नावापुढे ६० लिहिलेत आणि बाजूला तुझ्या हातची बारीक खूण. पोरगा म्हणेल, हे काय? तू म्हणशील, तिनं ६० दिले, ४० पुढच्या बुधवारी मजुरी मिळाल्यावर देणार होती. पोराच्या डोक्यात तोवर "भरले" आणि "नाही भरले" अशी दोनच बटणं होती. आता ती दोन बटणं मोडली. मग कर्जाचं पान काढ. ५,००० रुपये कर्ज, महिना शेकडा २ रुपये व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज १००. तिनं ६०० भरले तर १०० व्याजात, ५०० मुदलात, बाकी ४,५००, पुढच्या महिन्याचं व्याज ९०. इथवर तो आरामात येईल. मग विचार, तिनं ६०० च्या ऐवजी नुसते ६० भरले तर? व्याजाचे ४० राहिले. त्या ४० वर पुढच्या महिन्यात व्याज लावायचं की नाही? हे उत्तर कुठल्याही प्रोग्रामिंगच्या पुस्तकात मिळणार नाही, तुझ्या अकाउंटन्सीच्या पुस्तकातही नाही. ते गटाच्या बैठकीत मिळेल, आणि कदाचित बायांनीही ते कधी ठरवलेलं नसेल. तिथे जाऊन विचारणं, सगळ्यांकडून वदवून घेणं आणि नियम म्हणून नीट लिहून आणणं, हे तुझं काम. त्याच्याशिवाय पोराचा कोड एक ओळ पुढे सरकत नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्याकडे आहे जी बीसीएच्या मुलांना शिकायला वेळ लागतो. कीर्द-खतावणीत चुकलेली नोंद आपण खोडत नाही. उलटी नोंद करतो, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. डीबीएमएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरात माहिती साठवायच्या विषयाच्या तासाला मुलं पहिल्यांदा शिकतात ते नोंद बदलायला आणि काढून टाकायला. पैशाच्या कामात ते घातक आहे. एखाद्या बाईनं विचारलं, "माह्ये मागच्या महिन्यात तर ३,२०० रायले होते, आता ३,४०० कसे व बाई?" तर वही तिला दाखवता आली पाहिजे. त्यामुळे त्यांना सांग, बाकीचा आकडा साठवून ठेवायचा नाही. फक्त आलेला पैसा आणि गेलेला पैसा, तारखेसह, ओळीमागून ओळ. बाकी दर वेळी त्या ओळींवरून काढायची. चांगला प्रोग्रामर हे ऐकून एकदम सरसावून बसेल. कारण त्याच्या शास्त्रातही हाच रस्ता पक्का मानतात, फक्त त्याला तो असा कोणी वहीतून दाखवलेला नसतो.

आता चौदा जणांचं. एवढ्यांना एकाच कामाला लावलंस तर चार जण काम करतील आणि दहा जण बघतील. चार टोळ्या कर. प्रत्येकीत कॉमर्सचे दोघं, बीसीएचे कुठे दोघं, कुठे एक. प्रत्येक टोळीनं आपापली वही शोधायची: कोणाच्या काकाचं किराणा दुकान असेल, त्याची उधारीची वही, कोणाकडे दूध संकलनाची, कोणाच्या ओळखीत कृषी सेवा केंद्र असेल, जिथे बियाणं-खत जूनमध्ये उधार जातं आणि कापूस विकल्यावर वसुली होते. ज्या टोळीला वही मिळणार नाही तिनं कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. हा नियम कडक ठेव.

पहिले दोन शनिवार निर्णय कुठलाच घेऊ नका. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुला माहीत असेल, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवलेलं. तिथे अभ्यास गट वेगळा बसतो आणि निर्णय ग्रामसभा वेगळी बसून घेते, तोही सर्वसहमतीनं. अभ्यास गटात हारजीत नसते, त्यामुळे माणूस न घाबरता "मला कळलं नाही" म्हणतो. तुमच्या लॅबमध्ये पहिल्या दोन शनिवारी हेच वाक्य जितक्यांदा ऐकू येईल तितकं चांगलं.

मग तिसऱ्या शनिवारी ॲप नको, गूगल शीट घ्या. तारीख, सदस्य क्रमांक, आलेले, गेलेले, कशाबद्दल. एक महिना वही आणि शीट दोन्ही चालू ठेवा. ॲपची घाई का नको तेही सांगते. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नवीन वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ माणसांनी ते सलग १४ दिवस वापरून बघावं लागतं. आज तुझ्याकडे अशी बारा माणसं नाहीत. गटातल्या बायांना शीटवरून आपली बाकी बघायची सवय लागली तर ती बारा माणसं आपोआप उभी राहतील. आणि गटाचे ऑनलाइन आकडे उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) सीआरपी ताई, म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या, भरत असतील, तर त्यांच्या कामाला हात लावू नका. तुमचं काम एवढंच, की बाईला घरबसल्या कळावं, माझी बचत किती, माझं कर्ज किती.

एक गोष्ट मात्र आत्ताच कागदावर घ्या. आधार नंबर, बँक पासबुकाचा फोटो, घरातल्या अडचणी यातलं काहीही त्या शीटमध्ये जाणार नाही. कोणती बाई थकली आहे हे गावभर झालं तर त्या बाईला तोंड दाखवणं अवघड होतं, आणि तुझ्या आईला बैठक घेणं. प्रत्येकीला तिचीच ओळ दिसली पाहिजे. वैयक्तिक माहितीबद्दल २०२३ चा कायदा आहेच, पण मी गावातल्या लाजेबद्दल बोलतेय.

"तू काय करून रायली" याचं मूळ मला वाटतं इथे आहे: कोड दिसतो, फिरणं दिसत नाही. पोरं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, काम ठेवत असतील, तिथे कोणी कोणत्या दिवशी काय लिहिलं त्याची यादी आपोआप तयार होते. तू उन्हातान्हात तीन गटांना भेटून आलीस, त्याची यादी कुठेच होत नाही. म्हणून टोळीची एक कामाची वही कर, दोनशे पानी, साधी. कोण कुठे गेलं, कोणाशी बोललं, काय विचारलं, काय उत्तर आलं, त्यामुळे ॲपमध्ये काय बदललं. तारीख आणि सही. बीसीएच्या पोरांनीही त्यातच लिहायचं, की आज अमुक चूक सापडली, दोन तास गेले. त्यांचाही त्रास कॉमर्सवाल्यांना कळू दे. रात्र रात्र जागतात हे खोटं नाही. एका स्वल्पविरामापायी पहाट होते त्यांची.

आता हिस्सा. इथे तुला थोडं लागेल असं बोलते. "कल्पना माझी, निम्मा हिस्सा माझा" हे तुझं चुकलं होतं. नुसत्या कल्पनेवर कायद्यानं हक्क लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो. ज्यानं लिहिला त्याचा त्यावर पहिला हक्क, आणि तो दुसऱ्याच्या नावावर करायचा तर लेखी करावं लागतं. म्हणजे काहीच न लिहिता तुम्ही वेगळे झालात तर कोड त्यांच्याकडे राहतो आणि तुझ्याकडे काही राहत नाही. पण दुसरी बाजूही बघ, ती तुझ्याच पुस्तकात आहे. भागीदारी कायदा, १९३२, कलम १३: भागीदारांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा. परीक्षेसाठी पाठ केलेलं हे कलम त्या दिवशी तुला आठवलं असतं तर भांडण चर्चेवर आलं असतं.

माझं मत असं, की आज टक्केवारी काढूच नका. शून्य रुपयांची टक्केवारी काढून मैत्र्या तुटतात. एका पानावर एवढंच लिहा: टोळीतल्या प्रत्येकाला हे काम दाखवायचा आणि वापरायचा हक्क आहे. कोणी सोडून गेलं तर पासवर्ड आणि कोड टोळीकडे देऊन जाईल. स्पर्धेत नाव द्यायचं तर कामाच्या वहीत ज्याचं नाव आहे त्याचंच, आणि ज्याचं नाव आहे तो बोलणार. ज्या दिवशी कोणी बाहेरचा माणूस पहिले पैसे देईल, त्या आठवड्यात बसून वाटा ठरवू, तोवर खर्च सारखा. सगळ्यांच्या सह्या, सरांची सही.

ते स्पर्धेत बोलण्याचं मी मुद्दाम घातलंय. नियमाची जागा भरायला तुझं नाव वापरलं, हे मला अजिबात पटलेलं नाही. पुढच्या वेळी कोणी असं नाव मागितलं तर सरळ विचार, "मी कोणता भाग मांडणार?" उत्तर आलं नाही तर नाव देऊ नकोस. आणि बीसीएच्या सहा जणांत मुली किती आहेत ते तू लिहिलं नाहीस. असतील तर एकीला तरी तुझ्या टोळीत घे. तुम्हाला दुसऱ्या गावच्या गटात जावं लागेल, बैठका संध्याकाळी असतात, शेवटची एसटी चुकली तर घरी काय होतं हे मला कोणी सांगायला नको. दोघी असलात तर आई-बाबा सोडतील. कॉलेजच्या लेटरहेडवर सरांकडून एक पत्रही घेऊन ठेव.

कोडिंग शिकायचं का? थोडं. टेबल म्हणजे काय, एका टेबलातला सदस्य क्रमांक दुसऱ्या टेबलाशी कसा जोडतात, एवढं शिक. खतावणी येणाऱ्या मुलीला आठवडाभर पुरे. बदल्यात त्यांना जमा-नावे शिकव. पण खरं शिकायचं ते मोडायला. त्यांनी काही बनवलं की तू ते मोडून बघायचं. १०० च्या जागी ६० टाक. एकाच नावाच्या दोन बाया टाक, प्रत्येक गटात असतात. आकडे मराठीत टाक. नेट बंद करून बघ, कारण गटाची बैठक ज्या समाजमंदिरात होते तिथे रेंज असतेच असं नाही. तारीख मागच्या महिन्याची टाक. प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिही. पोरं आधी चिडतील. नंतर स्वतःहून म्हणतील, "हे जरा मोडून पाय बरं."

पुण्या-नागपुराचं मी एकाच ओळीत संपवते: तिथल्या मुलांना अशी वही मिळवायला तुझ्या गावी यावं लागेल.

सरांना मात्र एक विचार. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. बी.कॉम. आणि बीसीए, दोन्हीकडे हे एकच काम धरता येईल का, अहवाल दोन, काम एक? दोन्ही विभागप्रमुखांनी मान्य केलं तर परीक्षेच्या तोंडावर मुलं गळणार नाहीत. हिवाळी परीक्षेच्या महिन्यात लॅब बंदच ठेवा, पण गटाची बैठक आणि वही चुकवू नका.

एक महिना वही आणि शीट सोबत चालवून झाली की मला परत लिही. ॲप झालं का ते विचारणार नाही. वहीची बेरीज आणि शीटची बेरीज जुळली का ते कळव, आणि नसेल जुळली तर किती रुपयांचा फरक आला आणि तो कोणी शोधून काढला, तेही.

तुझी,
ताई